पूर्वसूचनेने बंद

जी सेवा अहोरात्र चालू असावी अशी लोकांची अपेक्षा असते, ती काही काळ बंद ठेवण्याचा निर्णय ज्याला घ्यावा लागतो त्याची मनःस्थिती, ती सेवा बंद आढळल्यामुळे संतापलेल्या माणसाच्या मनःस्थितीहून फारशी सुखावह नसते. अंतर एवढेच की संतापलेल्या माणसाला आपला संताप बोलून दाखविता येतो आणि बंद ठेवणाऱ्याला आपली धास्ती कामांच्या यादीआड झाकून ठेवावी लागते. पुण्यातील एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या संकेतस्थळाची, आणि ते ज्यावर चालते त्या सर्व्हरची, व्यवस्था पाहण्याचे काम माझ्याकडे पुष्कळ वर्षे होते. ग्रंथांची सूची, जुन्या मासिकांची छायांकित पाने, सभासदांची खाती आणि हवे ते पुस्तक राखून ठेवण्याची सोय, एवढाच त्या संकेतस्थळाचा पसारा. बँकेसारखा पैशाचा व्यवहार नाही, की रुग्णालयासारखा जीवनमरणाचा प्रश्न नाही. तरीही देखभालीसाठी ते वर्षातून काही वेळा ठरवून बंद ठेवण्याचा प्रसंग येई, आणि त्या प्रसंगाची पूर्वतयारी, प्रत्यक्ष रात्र आणि नंतरची सकाळ यांतून मला जे शिकायला मिळाले ते यंत्रांबरोबर येणाऱ्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नव्हते. तेच येथे जरा सविस्तर सांगण्याचा मानस आहे.

बंद ठेवण्याची गरजच का पडावी, हा प्रश्न आमच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हमखास निघे. मंडळावरील एक वयोवृद्ध सभासद, ज्यांनी उभी हयात सरकारी दफ्तरात काढली होती आणि ज्यांना वरिष्ठांचा शेरा नसलेली कोणतीही गोष्ट संशयास्पद वाटे, ते मला विचारीत, “अहो, चालू आहे ना ते? मग चालू असलेल्या वस्तूला हात कशाला लावता?” प्रश्न भाबडा वाटला तरी अप्रस्तुत नव्हता, कारण काल चालू होते ते आज तसेच चालू दिसत असताना त्यात बिघाड आहे असे सांगणाऱ्यावर पुराव्याचा भार येतोच. पुरावा मात्र बाहेरच्या जगातून येत असे. ओपनएसएसएल ही जगातील असंख्य संकेतस्थळांवरील देवघेव गुप्त राखणारी प्रणाली. तिच्यात एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला जाणारा दोष उघडकीस आला, आणि आदल्या दिवसापर्यंत सर्व काही आलबेल होते अशा सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते परक्या माणसाला घरबसल्या वाचता येतात, हे सर्वांना एकाच वेळी कळले. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले, ते तर प्रोसेसरच्या घडणीतच होते. प्रोसेसर बदलणे कोणाच्याच आवाक्यातले नसल्यामुळे त्यांचा बंदोबस्त कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, करावा लागला. आणि कर्नल हा यंत्र सुरू होतानाच स्मृतीत जाऊन बसत असल्यामुळे, नवा कर्नल डिस्कवर उतरवून ठेवला तरी यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज सामान्यतः तो अंमलात येत नाही. यंत्र चालू आहे आणि म्हणून सुरक्षितही आहे, अशी जी समजूत सर्वसाधारणपणे आढळते ती किती निराधार आहे, हे मंडळाला पटवून देण्यास या दोन उदाहरणांचा मला फार उपयोग झाला.

मंडळाची समजूत घालणे त्या मानाने सोपे होते. आमच्या व्यवसायातील लोकांची समजूत घालणे अधिक कठीण. आपला सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे हे सांगणारी एक साधी आज्ञा प्रत्येक लिनक्स यंत्रात असते, आणि तिच्या उत्तरात येणारा आकडा जितका मोठा तितका यंत्र सांभाळणाऱ्याचा अभिमान मोठा, असा एक अलिखित शिरस्ता मी पुष्कळ ठिकाणी पाहिला. जुन्या लिनक्समध्ये हा काळ मोजणारा बत्तीस बिटांचा गणक सेकंदाला शंभर ठोके मोजीत असल्यामुळे ४९७ दिवसांनंतर तो पूर्ण भरून पुन्हा शून्यावर येई, आणि अभिमानाने तो आकडा दाखविणाऱ्याचे यंत्र एके दिवशी कालच जन्मल्यासारखे बोलू लागे. पण विनोदाचा भाग सोडला तरी, वर्षानुवर्षे न थांबलेले यंत्र हे वस्तुतः न तपासलेले यंत्र असते. मधल्या काळात कोणी एखादा बदल केवळ चालू स्मृतीत केलेला असतो आणि डिस्कवर लिहिलेला नसतो. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबल्यावर पुन्हा फिरेलच याची शाश्वती नसते. आणि कोणत्या सेवा कोणत्या क्रमाने सुरू करायच्या हे ज्याला तोंडपाठ होते तो माणूस दरम्यान नोकरी सोडून गेलेला असतो. असे यंत्र कधी ना कधी थांबतेच, आणि ते आपल्या सोयीने न थांबवल्यास स्वतःच्या सोयीने थांबते. म्हणून ठरवून थांबविणे ही यंत्राची परीक्षा होय, आणि परीक्षेची तारीख आपण ठरवावी हे शहाणपणाचे, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले.

तारखेबरोबर वेळही ठरवावी लागे, आणि तेथे मला एका गृहीताचा त्याग करावा लागला. रात्री दोन वाजता मराठी पुस्तकांची सूची कोण चाळीत बसणार, असे आम्ही सर्वच मानून चाललो होतो. सर्व्हर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद लॉगमध्ये, म्हणजे आपल्या रोजनाम्यात, करून ठेवतो. तो रोजनामा तासवार मांडून पाहिला तेव्हा मध्यरात्रीनंतर वर्दळ उतरते हे खरे ठरले, परंतु ती शून्यावर कधीच येत नाही हेही तितकेच खरे ठरले. येथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या दिवशीच्या दुपारचे साडेचार, कॅलिफोर्नियात दीड आणि लंडनला रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तेथे स्थायिक झालेली मराठी माणसे, आणि मराठीचा अभ्यास करणारे काही परदेशी संशोधकही, नेमक्या याच वेळी आमच्या जुन्या मासिकांची पाने उलटीत. त्यांच्याखेरीज आणखी एक वर्ग होता, ज्याची मी कल्पनाही केली नव्हती. पुण्याच्या पेठांतून स्पर्धा परीक्षांचे जे असंख्य विद्यार्थी राहतात, त्यांपैकी कित्येकांचा दिवस अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि पहाटेच्या सुमारास मोबाइलवरून येणाऱ्या मागण्यांत त्यांचाच भरणा असावा असे, मागितलेल्या पुस्तकांच्या नावांवरून, उघड दिसत होते. कोणीही वाचीत नाही अशी घटिका अस्तित्वात नाही. कमीत कमी लोकांची गैरसोय होईल अशी तेवढी शोधता येते. ती शोधताना आम्ही काही पथ्ये ठरविली. शुक्रवारी काम काढायचे नाही, कारण काही बिघडल्यास शनिवार-रविवारी सुटे भाग मिळत नाहीत आणि माणसेही मिळत नाहीत. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात नाही. मोठ्या परीक्षेच्या तोंडावर नाही. आणि वळवाच्या दिवसांत, जेव्हा संध्याकाळी गडगडाट होऊन वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा तर मुळीच नाही. या सर्व चाळण्यांतून बहुधा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवसाची उत्तररात्र शिल्लक राही.

यानंतर सूचनेचा मसुदा. मला विचाराल तर संपूर्ण कामातील सर्वांत अवघड भाग हाच, आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. आमचे कार्यवाह सत्शील, मितभाषी आणि लेखनात काटेकोर; परंतु त्यांनी प्रथम जो मसुदा मजकडे पाठविला तो असा होता की, काही तांत्रिक कारणास्तव संकेतस्थळ काही काळ बंद राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. या वाक्यात दोन वेळा ‘काही’ आले होते आणि वाचकाच्या हाती काहीही लागत नव्हते. मी त्यांना विनंती केली की सूचनेत चार गोष्टींची उत्तरे असावीत: केव्हापासून केव्हापर्यंत, काय बंद राहील आणि काय चालू राहील, कशासाठी, आणि अडल्यास कोणाला विचारावे. त्याप्रमाणे सूचना लिहिली गेली ती अशी की, बुधवारी मध्यरात्रीनंतर साडेबारापासून पहाटे साडेपाचपर्यंत ग्रंथसूची आणि सभासदांची खाती पाहता येणार नाहीत. या अवधीत ज्या पुस्तकांच्या परतीची मुदत संपते त्यांना एक दिवस वाढवून देण्यात येत आहे. जुन्या डिस्क बदलणे आणि डेटाबेसची नवी आवृत्ती बसविणे हे काम आहे. चौकशी सकाळी आठनंतर कार्यालयात करावी. परतीच्या मुदतीचे वाक्य कार्यवाहांनी स्वतः घातले, आणि ते मला सुचले नव्हते. बंद ठेवल्याचा भुर्दंड वाचकाला पडू नये ही दृष्टी त्यामागे होती.

वेळेवरून मात्र त्यांचा माझा थोडा वाद झाला. “कामाला दोन तास लागणार म्हणता, आणि सूचनेत पाच लिहिता? लोक म्हणतील, यांना आपल्या कामाचा अंदाजही नाही,” असे ते म्हणाले. मी त्यांना हिशेब मांडून दाखविला. दोन तास लागतील ते सर्व सुरळीत झाल्यास. परंतु न झाल्यास सर्व पूर्ववत करण्यासही दोन तास लागणार, आणि त्या दोहोंच्या मध्ये, पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ठरविण्यास थोडा अवकाश हवा. म्हणजे जाहीर केलेल्या मुदतीत जाण्याचा रस्ता आणि परतीचा रस्ता हे दोन्ही मावले पाहिजेत. यावरून आम्ही सव्वातीन ही निर्णयाची वेळ ठरविली. तोपर्यंत नवा डेटाबेस उभा राहिला नाही तर, तो अवघ्या पाच मिनिटांत उभा राहील असे कितीही वाटत असले तरी, जुन्यावर परत यायचे. रात्री तीन वाजता माणसाची आशा त्याच्या विवेकापेक्षा बलवान असते, आणि म्हणून हा निर्णय दिवसाढवळ्या, चहा पिताना, कागदावर लिहून ठेवणे आवश्यक असते. कार्यवाहांनी त्या कागदावर सही केली, आणि वादाचा विषय संपला.

सूचना केवळ माणसांसाठी लिहून भागत नाही. शोधयंत्रांचे दूत रात्रंदिवस संकेतस्थळांतून फिरत असतात, आणि बंदची सूचना त्यांना नेहमीच्या पानासारखी यशस्वी उत्तर म्हणून दिली, तर ‘संकेतस्थळ बंद आहे’ हाच आमच्या ग्रंथांचा मजकूर आहे असे समजून ते तशी नोंद करून घेतात. यासाठी वेबच्या नियमांत ५०३ या अंकाचे एक स्वतंत्र उत्तर ठेवलेले आहे, ज्याचा अर्थ सेवा तूर्त उपलब्ध नाही असा होतो, आणि त्याच्यासोबत ‘इतक्या वेळाने पुन्हा या’ असे सांगण्याचीही तरतूद आहे. यंत्रांनी यंत्रांशी बोलावे यासाठी ज्यांनी हे नियम रचले त्यांनी केवळ ‘बंद’ म्हणून न थांबता ‘पुन्हा केव्हा’ यालाही जागा ठेवली, ही गोष्ट मला नेहमीच विचारात पाडते. कारण माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या सूचनांत नेमकी तीच जागा बहुधा कोरी असते. शिवाय ही सूचना ज्या सर्व्हरची दुरुस्ती चालली आहे त्याच्यावरून दाखविता येत नाही. ती दुसऱ्या एखाद्या लहान यंत्रावर ठेवावी लागते आणि संकेतस्थळाचे नाव तात्पुरते त्या यंत्राकडे वळवावे लागते. नावाचा पत्ता जगभरची यंत्रे काही काळ आपल्यापाशी साठवून ठेवीत असल्यामुळे, हा साठवणीचा काळ, जो आमच्याकडे ८६,४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस होता, तो दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवणे हेही यादीतले एक कलम होते.

यादीतील दुसरे महत्त्वाचे कलम बॅकअपचे. बॅकअप घेतला आहे असे म्हणणे आणि तो परत उतरवून पाहिला आहे असे म्हणणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याला एकदा कळले तो पहिल्या वाक्यावर पुन्हा कधी विसंबत नाही. आमच्या येथे आदल्या दिवशी संपूर्ण डेटाबेस एका मोकळ्या यंत्रावर उतरवून, त्यातील ग्रंथांची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहण्याचा प्रघात होता; रुजवात झाल्याची नोंद वहीत झाल्याखेरीज दुसऱ्या दिवशीचे काम सुरू होत नसे.

प्रत्यक्ष रात्री आम्ही दोघे असू: मी आणि नुकतीच पदवी घेऊन आमच्याकडे लागलेली एक तरुण सहकारी. एकाने यादीतील कलम मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने आज्ञा टंकायची, परंतु वाचणाऱ्याने ती पडद्यावर तपासून ‘हं’ म्हटल्याशिवाय एंटर दाबायचे नाही, असा आमचा नेम होता. मनुष्यस्वभावाला हा संथपणा रुचत नाही; हात पुढे धावू पाहतो. पण मध्यरात्रीच्या कामात वेग हा गुण मानण्याचे कारणच नसते, कारण वेळ आपण आधीच मागून घेतलेला असतो. सेवा बंद करण्याचाही क्रम असतो: प्रथम नव्या मागण्या घेणे थांबवायचे, चालू असलेल्या पुऱ्या होऊ द्यायच्या, मग डेटाबेस शांतपणे मिटवायचा आणि सर्वांत शेवटी यंत्र. ज्या रात्रीचे वर्णन मी करीत आहे त्या रात्री येथपर्यंत सर्व यथास्थित झाले, डिस्क बदलल्या गेल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली गेली.

यंत्र बंद होऊन पुन्हा बोलू लागेपर्यंतचा काळ हा या व्यवसायातील प्रत्येकाने अनुभवलेला आहे. तो काही मिनिटांचाच असतो. परंतु त्या मिनिटांत पडदा काळा असतो, आणि दालनात वातानुकूलनाच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नसतो. त्या रात्री पडदा उजळला तो नेहमीच्या अक्षरांनी नव्हे. त्या घडणीच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत, शेवटच्या तपासणीला १८० दिवस उलटून गेले असल्यास यंत्र सुरू होतानाच स्वतःची संपूर्ण तपासणी करू लागे. आमच्या छायांकित पानांचा संग्रह ज्या मोठ्या साठवणीवर होता तिची अशी तपासणी सुरू झाली होती, आणि टक्केवारीचा आकडा इतक्या सावकाशीने पुढे सरकत होता की तो थांबला आहे की चालला आहे हे कळू नये. “सर, मध्येच थांबवता येईल का?” असे सहकारिणीने विचारले. थांबविता आले असते. परंतु तपासणी अर्धवट तोडून त्या साठवणीवर पुढचे काम रचणे म्हणजे आपण ज्या खात्रीसाठी यंत्र थांबविले तीच फेकून देणे. आम्ही घड्याळ आणि निर्णयाची वेळ लिहिलेला कागद शेजारी ठेवून बसून राहिलो. सव्वातीन वाजण्यापूर्वी तपासणी संपली, नवा डेटाबेस उभा राहिला, आणि परतीच्या रस्त्याची गरज पडली नाही. सूचनेत दोनच तास लिहिले असते, तर याच निर्दोष तपासणीला बाहेरच्या जगाने बिघाड म्हटले असते.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. मराठी ग्रंथसूचीच्या बाबतीत तर खरी परीक्षा पुढेच असते. आमच्या जुन्या नोंदी संगणकयुगाच्या आरंभी इस्की या १९९१ च्या भारतीय प्रमाण लिपिसंकेतात केलेल्या आणि पुढे युनिकोडमध्ये आणलेल्या होत्या, आणि डेटाबेसची आवृत्ती बदलली की अक्षरे जुळविण्याचे व लावण्याचे नियमही बदलण्याचा संभव असतो. म्हणून आमच्यापाशी शब्दांची एक छोटी यादी होती, जी प्रत्येक देखभालीनंतर शोधून पाहायचीच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. तत्पूर्वीच्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेले होते, आणि डोळ्यांना दोन्ही एकच दिसत असले तरी यंत्राला ती भिन्न वाटत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद प्रत्येक मराठी मुलाला ऐकताक्षणी कळतो. यंत्राला तो शिकवावा लागतो, आणि त्यातही रकाराचे ते आडवे रूप दोन निराळ्या रीतींनी टंकता येत असल्यामुळे एकाने लिहिलेली दरी दुसऱ्याला सापडेनाशी होई. ‘ळ’ कोणत्या अक्षरानंतर लागावा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे स्थान कोठे, हेही पाहावे लागे. त्या पहाटे ‘दऱ्या’ सापडल्या, ‘ळ’ जागेवर होता, आणि मगच आम्ही संकेतस्थळाचे नाव पुन्हा मूळ यंत्राकडे वळविले. पाच वाजायला अजून थोडा अवकाश होता.

तरीही सकाळी नऊच्या सुमारास दूरध्वनी येऊ लागले की संकेतस्थळ फार मंद चालते आहे. पुणेकरांना हे समजावून देणे मला कधीच जड गेले नाही. देखभालीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, ही महापालिकेची सूचना येथील प्रत्येकाने वर्तमानपत्रात अनेकदा वाचलेली असते, आणि रिकाम्या झालेल्या नळ्या भरेपर्यंत दाब येत नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही. सर्व्हरही वारंवार मागितली जाणारी माहिती जलद देता यावी म्हणून जवळच्या स्मृतीत भरून ठेवतो. यंत्र बंद केले की ही साठवण रिकामी होते, आणि ती पुन्हा भरेपर्यंत प्रत्येक पान खोलवरच्या डिस्कवरून काढून आणावे लागते. महापालिकेच्या सूचनेतील ते ‘उशिरा व कमी दाबाने’ हे शब्द मला प्रामाणिकपणाचा नमुना वाटत, आणि पुढच्या खेपेपासून आमच्याही सूचनेत, दुपारपर्यंत संकेतस्थळ मंद चालण्याचा संभव आहे, हे वाक्य आले.

आमच्यासारख्या लहान संस्थेलाच असे थांबावे लागते असे कोणी समजू नये. रेल्वेच्या आरक्षणाचे संकेतस्थळ, ज्याच्यावर देशभरातील प्रवाशांची झुंबड असते, ते रोज रात्री पावणेबारापासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत देखभालीसाठी बंद असते, आणि प्रवाशांनी ते दैनंदिन क्रमाचा भाग म्हणून स्वीकारलेले आहे. रिझर्व्ह बँकेने आरटीजीएसची व्यवस्था सुधारण्यासाठी १८ एप्रिल २०२१ रोजी, आणि एनईएफटीची व्यवस्था सुधारण्यासाठी त्याच वर्षी २३ मे रोजी, मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत त्या त्या सेवा बंद ठेवल्या. दोन्ही दिवस रविवार, दोन्ही वेळा पूर्वसूचना, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही सेवा एकाच दिवशी थांबविल्या नाहीत, एक थांबली तेव्हा दुसरी चालू होती. विकिपीडिया चालविणारी संस्था वर्षातून दोनदा आपला सर्व कारभार अमेरिकेतील एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलवून पाहते, आणि त्या वेळी काही मिनिटे वाचन चालू ठेवून केवळ लेखन थांबविते; १ मे २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियावरही त्या काही मिनिटांत कोणाला स्वल्पविराम बदलता येत नाही. संपूर्ण टाळे लावण्याऐवजी जेवढे अपरिहार्य तेवढेच थांबवावे, हा या सर्वांत मला सर्वांत परिपक्व मार्ग वाटतो, आणि पुढे आम्हीही छायांकित पानांचे वाचन देखभालीच्या काळात दुसऱ्या यंत्रावरून चालू ठेवण्याची तजवीज केली.

सेवा देणाऱ्या कंपन्या आपल्या करारनाम्यांत ९९.९ टक्के, ९९.९९ टक्के असे आकडे छापतात. पहिल्याचा अर्थ वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद, दुसऱ्याचा सुमारे साडेबावन्न मिनिटे बंद, आणि आणखी एक नऊ वाढविला की सव्वापाच मिनिटे. प्रत्येक नवाबरोबर यंत्रांची संख्या, वीज आणि माणसे वाढत जातात. ज्यांच्या व्यवहारात पैसा किंवा प्राण गुंतलेले आहेत त्यांनी तो खर्च केलाच पाहिजे. परंतु ग्रंथसंग्रहालयाने तो केल्यास तेवढी पुस्तके कमी घ्यावी लागतील, हे कार्यवाहांनी मंडळाला एका वाक्यात सांगितले आणि ते योग्यच होते. आमच्या हाती होते ते एवढेच, की जे तास बंद राहायचे ते आधी सांगून राहायचे.

उलट ज्या अवस्थेचा सर्वसामान्य माणसाला खरा जाच होतो ती निराळीच. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी किंवा शिधापत्रिकेसाठी दूरच्या गावाहून एसटीने आलेल्या माणसाला खिडकीवरून ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते, आणि उद्या आल्यावर काम होईल याची हमी त्या वाक्यात नसते. त्यांपैकी किती बंद अकस्मात असतात आणि किती कोणाला तरी आधीपासून ठाऊक असतात, हे खिडकीबाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. माझा अनुभव असा सांगतो की जाहीर मुदत लिहून बंद ठेवणारी संस्था ती मुदत पाळण्यासाठी स्वतःला बांधून घेते, आणि पूर्वतयारी, परतीचा रस्ता व निर्णयाची वेळ ही सारी शिस्त त्या एका लिहिलेल्या वेळेमुळे येते. वेळ लिहिलीच नाही तर चुकण्याचीही भीती उरत नाही, आणि मग शिस्तीचेही कारण उरत नाही.

म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. यापुढे एखादे संकेतस्थळ देखभालीसाठी बंद आढळले तर प्रथम सूचनेत वेळ दिली आहे का ते पाहावे. दिली असेल तर तोवर थांबावे, आणि ती उलटल्यावरही पहिल्याच मिनिटाला सर्वांनी एकदम गर्दी करू नये, कारण नुकत्याच उठलेल्या यंत्रावर तो भार सर्वांत जड पडतो. दिली नसेल तर मात्र संकोच न करता संबंधित संस्थेला लेखी विचारावे की बंद केव्हापासून, केव्हापर्यंत आणि कशासाठी. पत्रावर तारीख घालावी आणि उत्तराची मागणी करावी. विचारणारे वाढले, म्हणजे वेळ लिहिणारेही वाढतील.